झालरींचा हिशेब आणि करांचा हिशेब

म्यूनिकच्या आल्टे पिनाकोथेक या संग्रहालयात फ्रान्स्वा बूशेने १७५६ साली रंगविलेले मादाम द पोंपादूरचे तैलचित्र आहे. निळसर हिरवे रेशमी वस्त्र, त्यावर गुलाबांची व झालरींची पखरण, हाती उघडे पुस्तक, मागे आरशात दिसणारे ग्रंथांचे कपाट. रोकोको शैलीचा हा उत्कृष्ट नमुना. अशा चित्रावर ‘सरंजामी विलास’ असा शेरा मारून पुढे जाण्याची पुरोगाम्यांना सवय आहे. शेरा खोटा नाही, परंतु अपुरा आहे.

त्याच वर्षी सप्तवार्षिक युद्ध भडकले आणि फ्रान्समध्ये जादा कर बसला. ‘ताय’ हा मुख्य प्रत्यक्ष कर प्रामुख्याने शेतकऱ्याच्या माथी होता. सरदार व धर्मगुरू त्यातून मुक्त. १७४९ मध्ये सर्वांच्या उत्पन्नावर विसाव्या हिश्श्याचा कर आला, तेव्हा धर्मसंस्थेने विरोध केला आणि १७५१ मध्ये राजाने तिला सूट दिली. रोष मात्र ओढवला तो सरदारकुळात न जन्मलेल्या या स्त्रीवर. तिचे माहेरचे आडनाव ‘प्वासाँ’, म्हणजे मासा. त्यावर कोट्या करणारी कवने पॅरिसभर गाजली. तशा एका कवनापायी मोरपा या मंत्र्याला १७४९ मध्ये पद गमवावे लागले. विशेषाधिकार भोगणाऱ्या दरबाऱ्यांनाही ही निंदा सोयीचीच होती.

खरा हिशेब त्याच राजवाड्यात मांडला जात होता. पोंपादूरचा वैद्य फ्रान्स्वा केने याने १७५८ मध्ये आपले ‘आर्थिक कोष्टक’ सिद्ध केले. शेतीचे उत्पन्न वर्गावर्गांतून कसे फिरते हे त्याने दाखविले आणि कर जमीनमालकाच्या निव्वळ उत्पन्नावरच बसावा असे प्रतिपादिले. कारागिरांना मात्र त्याने ‘वांझ वर्ग’ ठरविले. म्हणजे १७४४ मध्ये बंड करून उठलेले लिओंचे रेशीम विणकर बूशेच्या चित्रात अदृश्य आणि केनेच्या कोष्टकात वांझ!

४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री राष्ट्रीय सभेने करमाफीचे विशेषाधिकार रद्द करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा पोंपादूरच्या मृत्यूला पंचवीस वर्षे लोटली होती. तिच्या जाण्याने शेतकऱ्याचा बोजा हलका झाला नव्हता; तो कायदा बदलल्यानेच होणार होता.

चित्र जपावे, बूशेच्या कसबाला दादही द्यावी. श्रीमंतांच्या वस्त्रालंकारांवर संताप व्यक्त करणे सोपे असते. त्यांच्या करसवलतींवर बोट ठेवणे हे समाजवाद्यांचे काम आहे.