गोळ्या घेऊनही थकवा जात नसेल तर

वडनेरमध्ये आशाताई गरोदर बाईला जी गोळी देतात, तिच्यात लोहाबरोबर फॉलिक ॲसिड असते. त्याचा माग मुंबईतच लागला. गरोदर गिरणी कामगार बायकांचा पंडुरोग यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे लुसी विल्स यांनी १९३१ मध्ये दाखवले.

ब-१२ मात्र या गोळीत नाही, भाजी-भाकरीतही नाही. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळते. गोळ्या घेऊनही थकवा जात नसेल, जीभ सोलवटत असेल, पायांना मुंग्या येत असतील, तर नुसता ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून देऊ नये. फॉलिक ॲसिडने रक्त सुधारलेले दिसते, पण ब-१२अभावी नसा बिघडतच राहतात. गोळी बंद न करता ब-१२ तपासून घ्यावे, विदर्भात सिकलसेलही. इंजेक्शनने उणीव भरते, पण उशीर झाल्यास नसा पूर्ववत होतीलच असे नाही.