हॉकीला हिरवळ मिळेल. फुटबॉलला छत कोठून?

अहिल्यानगर : जिल्ह्याच्या ठिकाणी हॉकीसाठी कृत्रिम हिरवळीचे मैदान व्हावे, असा विषय निघाला की त्याच्या पाठोपाठ दुसरी अपेक्षाही पुढे येते. हॉकीचे मैदान झाले म्हणजे फुटबॉलचीही सोय होईल, आणि शेजारी एखादे सभागृह उभे राहिले तर पाच खेळाडूंचा बंदिस्त फुटबॉल, म्हणजे फुटसालही तेथे खेळवता येईल, असे गृहीत धरले जाते. यातील पहिली अपेक्षा चुकीची आहे. दुसरी बरोबर ठरू शकते. मात्र ती हॉकीच्या हिरवळीवर नव्हे, तर सभागृहाच्या लांबी-रुंदीवर अवलंबून आहे. आणि नेमकी हीच बाब संकुलांच्या चर्चेत सर्वांत कमी बोलली जाते.

गोंधळाचे मूळ 'टर्फ' या शब्दात आहे. शहरातील तरुण रात्री तासाच्या भाड्याने घेतात ते जाळीबंद टर्फ आणि हॉकीचे टर्फ यांत नावापलीकडे फारसे साम्य नाही. फुटबॉलच्या कृत्रिम मैदानावर गवताची पाती लांब असतात आणि त्यांच्या मुळाशी वाळू व रबराचे कण भरलेले असतात. पडणाऱ्या खेळाडूला आणि बुटाच्या खुंट्यांना तो थर झेलतो. हॉकीची हिरवळ आखूड, दाट आणि कणविरहित असते, कारण चेंडू तिच्यावरून सरळ व वेगाने घरंगळला पाहिजे. खुंट्यांचे बूट तिच्यावर चालत नाहीत. शिवाय हॉकीचे मैदान ९१.४० बाय ५५ मीटरचे. फुटबॉलच्या मोठ्या सामन्यांसाठी लागणाऱ्या मैदानापेक्षा ते लांबी-रुंदीने कमीच भरते. १९७६च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून हॉकी कृत्रिम पृष्ठभागावर गेली, ती स्वतःची स्वतंत्र वाट धरूनच.

त्यात पाण्याचा प्रश्न आहे, आणि नगर जिल्ह्यात तो दुय्यम म्हणता येत नाही. उच्च दर्जाची हॉकीची हिरवळ सामन्यापूर्वी भिजवावी लागते. भोवतालच्या मोकळ्या पट्ट्यासह मैदान सुमारे ६,४०० चौरस मीटरचे होते. त्यावर एक मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले तरी ६,४०० लिटर लागतात. तीन मिलिमीटर दिले तर १९ हजार लिटरच्या वर. पर्जन्यछायेत वसलेल्या, उन्हाळ्यात गावोगावी टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात हा हिशेब आधी मांडलेला बरा. पॅरिसच्या २०२४ ऑलिम्पिकमध्ये कमी पाण्यावर चालणारी हिरवळ वापरण्यात आली. शालेय पातळीवर वाळूमिश्रित पृष्ठभागाचाही पर्याय आहे, आणि जिल्ह्याच्या गरजेला तो अधिक मानवणारा ठरेल.

बंदिस्त खेळाचे गणित मात्र सुखद आहे. फुटसालचे आंतरराष्ट्रीय मैदान साधारणपणे ४० बाय २० मीटरचे असते. हँडबॉलचे मैदानही ४० बाय २०. बंदिस्त हॉकीच्या नियमांत लांबी ३६ ते ४४ आणि रुंदी १८ ते २२ मीटर अशी मुभा असल्याने तीही याच मापात बसते. इतकेच नव्हे, तर तिन्ही खेळांच्या गोलची चौकटही तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच अशी एकसारखीच आहे. हॉकीला बाजूच्या लाकडी पट्ट्या लावाव्या लागतात आणि सामना संपला की त्या उचलून ठेवता येतात. म्हणजे एकाच जमिनीवर तीन खेळ, आणि आखणी बदलून कबड्डी, व्हॉलीबॉल, बास्केटबॉलही.

अडचण अशी की, अनेक ठिकाणी सभागृहाचा आराखडा बॅडमिंटन आणि बास्केटबॉल डोळ्यांसमोर ठेवून होतो. बास्केटबॉलचे मैदान २८ बाय १५ मीटरचे. भोवती दोन मीटर मोकळे सोडले तर ३२ बाय १९ मीटरची जमीन पुरते. फुटसालला त्याच हिशेबाने ४४ बाय २४ मीटर लागतात. फरक साडेचारशे चौरस मीटरचा. छताची उंची बॅडमिंटन आणि व्हॉलीबॉलसाठी तशीही द्यावी लागतेच, त्यामुळे वाढतो तो जमिनीचा आणि छताच्या पसाऱ्याचा खर्च. तो कमी नाही. पण एकदा खांब उभे राहिले की नंतर कोणत्याही निधीतून रुंदी वाढवता येत नाही.

हॉकी आणि बंदिस्त फुटबॉल एकाच आवारात कसे नांदू शकतात, हे पाहायचे तर गोव्याकडे पाहावे. म्हापशाच्या पेडे क्रीडा संकुलात हॉकीचे मैदान आणि बहुउद्देशीय बंदिस्त सभागृह एकाच आवारात आहेत. २०२३च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतील हॉकी पेडेच्या मैदानावर झाली. त्याआधी २०१६च्या जुलैमध्ये प्रीमियर फुटसाल या व्यावसायिक लीगचा गोव्यातील टप्पा तेथील सभागृहात रंगला होता. फुटबॉल हॉकीच्या मैदानावर गेला नाही, हॉकीनेही सभागृहाची अपेक्षा केली नाही. वाहनतळ, पाणी, वीज, कर्मचारी एवढे सामाईक राहिले. संकुलाचा खरा अर्थ हाच.

त्या लीगचे पुढे काय झाले, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. रोनाल्डिन्हो, रायन गिग्ज, पॉल स्कोल्स आणि फुटसालचा सम्राट मानला जाणारा ब्राझीलचा फाल्काव अशी नावे भारतात आली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची मान्यता मात्र लीगला नव्हती आणि २०१७च्या दुसऱ्या हंगामानंतर ती बंद पडली. महासंघाची स्वतःची फुटसाल क्लब स्पर्धा २०२१ मध्ये दिल्लीत सुरू झाली. २०२४ मध्ये ती वडोदऱ्याच्या समा क्रीडा संकुलात झाली. भारताचा पुरुष संघ २०२३ मध्ये, तर महिला संघ २०२५ मध्ये आशियाई पात्रता फेरीत प्रथम उतरला. झगमगाटापेक्षा ही संथ वाढ अधिक भरवशाची. वडोदऱ्याचे उदाहरण तर विशेष बोलके आहे. राजधानी नसलेल्या शहराकडे योग्य मापाचे सभागृह असले, तर राष्ट्रीय स्पर्धा तेथे येऊ शकते.

नगरकडे प्रेक्षक आहेत, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. २०२५च्या आरंभी वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. पंचांच्या निर्णयावरून उसळलेल्या वादामुळे ती राज्यभर गाजली, हे खरे. पण हजारोंच्या उपस्थितीत अनेक दिवसांची स्पर्धा या शहरात भरवता येते, हेही त्यातून दिसले. लष्करी छावणीमुळे फुटबॉल येथे परका नाही. चिलखती दलाचे केंद्र व प्रशाला आणि यांत्रिकी पायदळाचे केंद्र यांच्या सान्निध्यात हा खेळ शहरात रुजला. बाहेरच्या संघांसाठी शिर्डीचा विमानतळ २०१७ पासून आहे आणि शिर्डीइतकी निवासव्यवस्था अनेक मोठ्या शहरांनाही साधत नाही.

तरीही राष्ट्रीय स्पर्धेचे स्वप्न तूर्त बाजूला ठेवून पाहावे. अशा सभागृहाचा पहिला लाभ शालेय संघांना आणि मुलींना होईल. पावसाळ्यात चिखलामुळे आणि एप्रिल-मेमध्ये उन्हामुळे उघड्या मैदानावरचा सराव तुटतो. संध्याकाळी अंधार पडला की मुली घरी परततात. दिवे असलेले, कुलूपबंद होणारे आणि प्रशिक्षक उपस्थित असलेले सभागृह पालकांना वेगळा विश्वास देते. हेच वेळापत्रक हँडबॉल आणि कबड्डीलाही लागू आहे, म्हणून खेळांच्या संघटनांनी एकमेकांशी भांडण्याऐवजी एकत्र येऊन मापाचा आग्रह धरणे त्यांच्याच हिताचे आहे.

राज्य सरकारने २०२२ मध्ये जिल्हा क्रीडा संकुलांसाठीची अनुदान मर्यादा २५ कोटी आणि तालुका संकुलांसाठीची पाच कोटी रुपये केली. चौदा तालुक्यांच्या या जिल्ह्यात प्रत्येक ठिकाणी मोठे सभागृह परवडणार नाही, आणि त्याची गरजही नाही. एक नगर शहरात आणि एक उत्तर भागात, एवढे झाले तरी पुरे. त्यानंतरचा प्रश्न देखभालीचा. मोठे छत दिसले की लग्नसमारंभ, प्रदर्शने आणि मेळावे यांची मागणी सुरू होते. त्या भाड्याचा मोह संकुल समित्यांना आवरत नाही, आणि खुर्च्यांच्या पायांनी लाकडी जमीन दोन-तीन वर्षांत निकामी होते. सभागृह कोणत्या कामासाठी भाड्याने द्यायचे नाही, हे निविदेच्या आधीच ठरायला हवे. आणि ४४ बाय २४ हे आकडे नकाशाच्या पहिल्याच पानावर हवेत.