फॉरवर्ड करू नका!

‘वन्स अपॉन अ टाइम इन चायना’ हा पिक्चर हॉस्टेलमध्ये लागला की सगळ्यांना फक्त शिडीवरची मारामारी हवी असते. बाकी सगळं फॉरवर्ड! माझा याला सक्त विरोध आहे. समोर लढणारा कोण आहे हेच माहीत नसेल, तर ती मारामारी म्हणजे नुसती सर्कस.

थोडी ओळख करून देते. वाँग फेइ-हुंग हा १९व्या शतकातला खराखुरा माणूस, दक्षिण चीनमधल्या फोशानचा. कुंगफूचा मास्तर, शिवाय हाडवैद्य. लोकांनी त्याला इतकं डोक्यावर घेतलं की १९४९पासून क्वान ताक-हिंग या एकाच नटाने सत्तरहून जास्त पिक्चरमध्ये त्याचं काम केलं. मग १९९१मध्ये त्सुई हार्कने जेट लीला घेऊन हा पिक्चर काढला.

‘गोरे वाईट, आपले भारी, एवढीच तर स्टोरी आहे,’ असं म्हणणारे बरेच भेटतात. छे! यात यिम नावाचा एक मास्तर आहे. अंगावर शस्त्र चालत नाही अशी त्याची ख्याती, पण पोटासाठी रस्त्यावर खेळ करतो. तालीम काढायची तर नाव हवं, नाव व्हायचं तर वाँगला हरवायला हवं. म्हणून तो गुंडांना जाऊन मिळतो. वाँग शिडीवर लढतो तो या उपाशी माणसाशी! आणि शेवटी यिम मरतो तो बंदुकीच्या गोळ्यांनी. कुंगफू कितीही पक्कं असलं तरी बंदुकीपुढे टिकत नाही, हे तोच मरताना वाँगला सांगतो. गोऱ्यांच्या नाही, आपल्याच मास्तराच्या तोंडून ऐकावं लागतं ते.

दुसरा म्हणजे पुढे आलेल्या दातांचा सो. परदेशात शिकून आलेला, इंग्रजी फाडफाड, पण स्वतःच्या भाषेत ततपप. इथे कॉमन रूममध्ये सगळ्यात मोठा हशा पिकतो. मला नाही हसू येत. बारा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढल्यावर ‘एकोणसाठ’ की ‘एकोणसत्तर’ याचा मला अजून विचार करावा लागतो, आणि मराठी माध्यमातली माझी रूममेट सगळं येत असून व्हायव्हाला इंग्रजीपायी अडते. तिला एक गँग हसते, मला दुसरी. वाँग मात्र सोला हाकलत नाही, शिष्यांमध्ये ठेवून घेतो. तेरावी मावशी मागे लागली होती तो विलायती सूटसुद्धा शेवटी फोटोसाठी घालतो. काय दिसतो राव!

एक गोष्ट मात्र अजिबात पटली नाही. अमेरिकन व्हिलनला वाँग काय करतो, तर बोटाने गोळी उडवून मारतो! आत्ताच तर यिम बंदुकीने मेला ना? त्याच्या मरणावर पाणीच ओतलं की. तेवढा सीन खुशाल फॉरवर्ड करा.