समुद्रकाठची मैदाने आणि नागरिकांचा हक्क

विलायतेच्या प्रवासास निघणारा मराठी कुटुंबवत्सल गृहस्थ पूर्वी लंडनचा मनोरा, एडिंबरोचा किल्ला आणि फार तर स्कॉटलंडची सरोवरे पाहून समाधानाने परतत असे. आता त्याच्या कार्यक्रमपत्रिकेत सेंट अँड्र्यूज, कार्नूस्टी अशी नावेही दिसू लागली आहेत. ही समुद्रकाठची गोल्फची मैदाने होत. गोल्फ हा साहेबाचा खेळ, तो त्याने आपल्या क्लबाच्या कुंपणाआड खेळावा आणि आपण कुंपणाबाहेरच्या रस्त्याने निमूटपणे जावे, अशी आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गाची कित्येक पिढ्यांची समजूत आहे. ती निराधार आहे असेही नव्हे. कलकत्त्यास १८२९ साली आणि मुंबईस १८४२ साली हा खेळ आला तो राज्यकर्त्यांबरोबर, आणि राज्यकर्ते गेले तरी कुंपणे तशीच राहिली. परंतु ज्या भूमीत हा खेळ जन्मला त्या भूमीत तो गावाच्या मोकळ्या जागेवर, गावकऱ्यांच्या हक्काने वाढला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. प्रवासी मंडळ्या तर नाहीच नाही. आमच्या मते ती मैदाने पाहण्याजोगी आहेत ती या एका गोष्टीसाठी.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र आणि नांगरटीची जमीन यांच्यामध्ये वाळूची, खुरट्या गवताची, वाऱ्याने उंचसखल केलेली जी पट्टी असते, तिला तेथे ‘लिंक्स’ म्हणतात. तेथे पीक येत नाही, म्हणून शेतकऱ्यास ती नको असे. मग गावाने तिचा उपयोग करावा, मेंढ्या चाराव्यात, धुतलेले कपडे वाळत घालावेत, पोरांनी चेंडू खेळावा, हे ओघानेच आले. सेंट अँड्र्यूजचे आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनी १५५२ साली लिंक्सवर ससे पाळण्याची परवानगी मिळवली, तेव्हाच्या सनदेत तेथे गोल्फ, फुटबॉल व नेमबाजी करण्याचा नगरवासीयांचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य करण्यात आलेला आहे. म्हणजे ज्याला आपण आज खेळाचे मैदान म्हणतो ते मुळात गायरान होय, आणि गायरानाचा जो इतिहास जगभर झाला तोच त्याचाही व्हावयाचा होता.

झालाही तसाच. अठराव्या शतकाच्या अखेरीस सेंट अँड्र्यूजची नगरसभा कर्जात बुडाली आणि १७९७ साली तिने लिंक्सची जमीन विकून टाकली. ती सशांचा व्यापार करणाऱ्यांच्या हाती गेली. सशांनी मैदान पोखरले, खेळणारे खवळले, आणि पुढे सुमारे वीस वर्षे व्यापारी व नगरवासी यांचा झगडा न्यायालयात आणि प्रत्यक्ष मैदानावरही चालू राहिला. तिजोरी रिकामी झाली की नगरपित्यांची दृष्टी प्रथम गावाच्या मोकळ्या जागेकडे वळते, हा अनुभव केवळ आपल्याच नगरपालिकांचा आहे असे समजून खिन्न होणाऱ्या वाचकांस या कथेने थोडा दिलासा मिळावा! १८२१ साली शेजारचा एक जमीनदार, जेम्स चीप, याने ती जमीन विकत घेतली आणि ससे हटले. तरीही जमीन खासगीच राहिली. अखेर १८९४ साली पार्लमेंटने खास कायदा केला, नगरसभेने पैसे मोजून आपलीच जमीन परत घेतली, आणि शंभर वर्षांपूर्वीची चूक निस्तरली. पुढे १९७४ साली, स्थानिक कारभाराची फेररचना होऊन ती जुनी नगरसभाच विसर्जित व्हावयाची असता, दुसरा कायदा करून मैदानांची व्यवस्था एका विश्वस्त मंडळाकडे सोपवण्यात आली. जमीन मात्र सार्वजनिकच राहिली.

आज त्या मंडळाकडे ७ मैदाने आहेत. सर्वांत जुने ‘ओल्ड कोर्स’ हे जगप्रसिद्ध. त्याच्या काठाशी जी भारदस्त दगडी इमारत छायाचित्रांतून दिसते ती ‘रॉयल अँड एन्शंट’ क्लबाची. या क्लबाने २०१४ पर्यंत स्त्रियांना सभासद करून घेतले नव्हते, पण मैदानावर त्याची मालकी नाही. त्याचे सभासदही तेथे खेळावयास येतात. परगावच्या माणसाने काय करावे? त्याने आपले नाव सोडतीत घालावे. दररोज ४८ तास आधी चिठ्ठ्या निघतात, आणि तीत पुण्याचा प्राध्यापक आणि न्यूयॉर्कचा बँकवाला यांत भेद केला जात नाही. शुल्क मात्र भरभक्कम आहे, उन्हाळ्यात ३०० पौंडांहून अधिक, आणि अशा शुल्काच्या मैदानास ‘सार्वजनिक’ म्हणावे काय, असा प्रश्न कोणी केला तर तो अस्थानी ठरणार नाही. त्यास उत्तर असे की, हे शुल्क पाहुण्याचे आहे. गावच्या रहिवाशास पाहुण्याच्या एकदोन दिवसांच्या शुल्काएवढ्या रकमेत वर्षभर खेळता येते, आणि १९४६ पर्यंत तर त्यास काहीच द्यावे लागत नसे. पाहुण्याच्या खिशातून गावाच्या गवताचा खर्च निघत असेल तर आम्हांस त्यात अन्याय दिसत नाही.

परंतु आमच्या वाचकांपैकी शेकडा नव्याण्णवांनी हातात गोल्फची काठी धरलेली नाही, व धरावी असा आमचा आग्रहही नाही. त्यांच्यासाठी या मैदानाचे खरे वैशिष्ट्य वेगळेच आहे. रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो. मोठ्या स्पर्धांचे मोजके अपवाद सोडले तर त्या दिवशी मैदान गावाचे उद्यान बनते. म्हातारीकोतारी फिरावयास येतात, मुले कुत्र्यांमागे धावतात, आणि ज्या गवतावर आदल्या दिवशी श्रीमंतांनी शेकडो पौंड मोजून पाऊल ठेवले त्याच गवतावर कोणीही फुकट पाऊल ठेवतो. इतर दिवशीसुद्धा पहिल्या व अठराव्या पट्ट्यांना छेदून एक सार्वजनिक वाट समुद्राकडे जाते. ग्रॅनी क्लार्क या आजीबाईंच्या नावाने ती ओळखली जाते. कोणी समुद्राकडे निघाला असेल तर खेळणाऱ्याने थांबावे, असा तेथला शिरस्ता. शेजारीच ‘हिमालय’ या गमतीदार नावाचे उंचवट्यांचे छोटे हिरवळीचे मैदान आहे. ते १८६७ साली स्थापन झालेल्या स्त्रियांच्या क्लबाचे आहे. काही थोडक्या पौंडांत तेथे लहान मुलासही चेंडू ढकलण्याचा आनंद घेता येतो. सहकुटुंब जाणाऱ्यांनी हे चुकवू नये.

टे नदीच्या मुखापलीकडे कार्नूस्टी आहे. तेथील मैदानही गावाचेच, आणि वारा असा की नामांकित खेळाडूंचे तेथे पाणी पाणी होते. एडिंबरोजवळ मसलबरा येथे ९ होलांचे अतिप्राचीन मैदान घोड्यांच्या शर्यतीच्या रिंगणात आजही टिकून आहे. १८७४ ते १८८९ या काळात तेथे ६ वेळा खुली अजिंक्यपद स्पर्धा झाली. आज तेथे माफक शुल्क भरून कोणीही खेळू शकतो. डामडौल मुळीच नाही. आम्हांस विचाराल तर एडिंबरोस ज्याच्या हाताशी अर्धाच दिवस आहे त्याने किल्ला बाहेरून पाहावा आणि मसलबरा गाठावे.

त्याच किनाऱ्यावर उत्तरेस ॲबर्डीनच्या पुढे मेनी येथे दुसऱ्या प्रकारचे उदाहरण आहे. डोनाल्ड ट्रम्प यांनी २००६ साली तेथील जमीन घेतली आणि दोन मैदाने, ४५० खोल्यांचे हॉटेल, शेकडो घरे, अब्ज पौंडांची गुंतवणूक व हजारो नोकऱ्या यांचे चित्र रंगवले. तेथील वाळूचे डोंगर वाऱ्याबरोबर सरकणारे होते, आणि शास्त्रीय महत्त्वामुळे त्यांस कायद्याचे संरक्षण होते. स्थानिक समितीने २००७ साली योजना फेटाळली. स्कॉटिश सरकारने प्रकरण आपल्याकडे घेऊन २००८ साली ती मंजूर केली. शेजारच्या काही घरमालकांनी आपली घरे विकण्यास नकार दिला आणि वर्षानुवर्षांचा कलह पत्करला. मैदान २०१२ साली उघडले. हॉटेल काही उभे राहिले नाही. आणि २०२० साली निसर्गरक्षणाच्या सरकारी यंत्रणेने जाहीर केले की, मैदानाखाली गेलेल्या त्या वाळूत जपण्यासारखे विशेष असे आता उरलेले नाही, सबब तेवढ्या भागाचे संरक्षण काढून घेण्यात येत आहे. मैदान उत्तम आहे असे जाणकार म्हणतात. असेलही. आम्ही ते पाहण्याची शिफारस करणार नाही.

मेनीसारख्या ठिकाणीही सामान्य माणूस अगदीच निराधार राहत नाही, याचे कारण २००३ सालचा स्कॉटलंडचा भूमिसुधारणा कायदा. त्या कायद्याने प्रत्येकास इतरांच्या जमिनीतून जबाबदारीने जाण्याचा हक्क दिला आहे. गोल्फच्या मैदानावर कोणी मुक्काम ठोकू शकत नाही, हिरवळीच्या होलांजवळ पाय ठेवू शकत नाही, पण खेळास अडथळा न आणता मैदान ओलांडून पलीकडे जाण्यास त्यास मज्जाव करता येत नाही.

आता आपल्याकडे वळू. किनाऱ्यावर गोल्फ आणि विश्रामस्थाने यांच्या योजना आपल्याकडे नव्या नाहीत. खारघरच्या डोंगरपायथ्याशी सिडकोचे मैदान आहे. क्लबाच्या सभासदत्वाशिवाय शुल्क भरून तेथे खेळता येते, आणि तेवढ्यापुरते ते आम्हांस मान्य आहे. पण त्याच सिडकोने नेरुळच्या खाडीकाठी, जेथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात त्या पाणथळ भागात, गोल्फचे मैदान व इमारती यांची योजना पुढे आणली, तेव्हा नागरिकांस न्यायालयात जावे लागले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली ती योजना रद्द केली, आणि वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. गोव्याच्या उत्तर टोकास, नदीच्या आपल्या बाजूस असलेल्या तेरेखोल या चिमुकल्या गावात अशाच एका योजनेविरुद्ध कुळांनी व ग्रामस्थांनी वर्षानुवर्षे झुंज दिली. सेंट अँड्र्यूजच्या नगरवासीयांनी सशांच्या व्यापाऱ्यांशी दिली त्याहून ती वेगळी नव्हती.

या योजनांचे पुरस्कर्ते स्कॉटलंडचे दाखले देतात. ते कशाचे देतात हे पाहावे. सेंट अँड्र्यूजला वर्षाकाठी सातशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस, तोही बारा महिने विभागून. गवत तेथले मूळचेच. कोकणात त्याच्या चौपट पडतो तो चार महिन्यांत, आणि वैशाखात बायाबापड्या हंडे घेऊन टँकरची वाट पाहत उभ्या असतात. किनाऱ्यामागचे आपले सडे जांभ्या दगडाचे. त्यांवर परकी हिरवळ वाढवावयाची तर बाहेरची माती आणा, भूगर्भातले पाणी उपसा आणि पावसाळ्यात फुलणारी इवलाली रानफुले कायमची गाडून टाका. रत्नागिरीच्या सड्यांवरील कातळशिल्पांचा समावेश २०२२ साली जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. मातीचा एक थर पसरला की तीही दिसेनाशी होतील. स्कॉटलंडचे गवत आपल्याला आणता येणार नाही. कायदा आणि शिरस्ता मात्र आणता येईल, आणि तो आणण्याबद्दल हे पुरस्कर्ते अवाक्षर काढीत नाहीत.

फार लांब जाण्याचीही गरज नाही. किनारा नियमनाच्या १९९१ सालच्या अधिसूचनेतच असे लिहिले होते की, लोकांस समुद्राकडे जाता यावे म्हणून दोन हॉटेलांच्या मध्ये निदान २० मीटर रुंदीची मोकळी वाट ठेवावी. ही २० मीटरची वाट कोकणात आणि गोव्यात आज कोठे कोठे शिल्लक आहे, कोठे तिच्यावर फाटक बसले आहे आणि कोठे ‘खासगी किनारा’ अशी पाटी लागली आहे, याची गावनिहाय नोंद घेऊन दोन्ही राज्य सरकारांनी ती प्रसिद्ध करावी, अशी आमची मागणी आहे. आणि समुद्रकाठच्या कोणत्याही नव्या विश्रामस्थानाचा वा मैदानाचा नकाशा मंजुरीस येईल, तेव्हा कोळणीने टोपली घेऊन आणि मुलांनी चेंडू घेऊन समुद्रावर जाण्याची वाट त्यावर प्रथम आखलेली असावी. इमारती त्यानंतर आखाव्यात.