दहावीच्या निकालात नापास कोण झालं?

16 जुलै 2021. दुपारी एकला दहावीचा निकाल होता. कोरोनामुळे त्या वर्षी परीक्षा झालीच नव्हती, गुण अंतर्गत मूल्यमापनावर दिले होते. म्हणजे त्या दिवशी परीक्षा एकाचीच होती: निकालाच्या वेबसाइटची. ती नापास झाली. अमरावती विभागातली, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिमची पोरंही राज्यातल्या लाखो मुलांसारखी तासन्‌तास रिफ्रेश मारत बसली.

सर्व्हर बसला की ठरलेलं उत्तर येतं: अचानक लोड आला. अचानक कसा? राज्यात पंधरा लाखांवर मुलं आहेत हे मंडळाला माहीत होतं. तारीख आणि वेळही मंडळानेच ठरवली होती. गारपीट अचानक येते, निकाल नाही.

आणि तपासायला काय लागतं? सुरुवातीला दहा ओळींची शेल स्क्रिप्ट पुरते. फॉर लूपमध्ये कर्ल घालायचं, प्रत्येक विनंती बॅकग्राउंडला सोडायची, म्हणजे एकीच्या उत्तरासाठी दुसरी थांबत नाही. प्रत्येकीचा स्टेटस कोड आणि लागलेला वेळ फाइलमध्ये लिहायचा. आधी 10, मग 100, मग 1000. जिथे 200 ऐवजी 503 यायला लागतात, तिथे सर्व्हरचा दम संपला. नुसतं होमपेज मागवून भागत नाही. आसन क्रमांक आणि आईचं नाव भरून निकालाचंच पान मागवायचं. 200 आला तरी त्यात खरंच गुण आहेत की 'पुन्हा प्रयत्न करा' लिहिलंय, हे ग्रेपने बघायचं.

एका लॅपटॉपवरून पंधरा लाखांची गर्दी उभी होत नाही, मान्य. त्यासाठी अनेक मशीन आणि जेमीटरसारखी साधनं लागतात. पण जो हजारात धापा टाकतो, त्याला लाखांसमोर उभं का करता?

हे तुम्ही-आम्ही बाहेरून करू शकत नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सर्व्हरवर अशी स्क्रिप्ट चालवली, तर ती चाचणी नाही, हल्ला ठरतो. म्हणून ही जबाबदारी मालकाचीच.

आपल्याकडचा शेतकरी सोयाबीन पेरण्याआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. सत्तरच्या खाली गेले, तर बियाणं वाढवतो किंवा बदलतो. त्याला कुणी इंजिनिअर म्हणत नाही. ज्यांना म्हणतात, त्यांनी निकालाच्या आठवडाभर आधी एवढंच जाहीर करावं: सेकंदाला किती विनंत्या सोडून पाहिल्या आणि किती पास झाल्या. पोरांचे गुण जगासमोर येतात, सर्व्हरचेही येऊ द्या.