विश्लेषण : गस्तीच्या वाहनावरील थर्मल कॅमेरा आणि रात्रीचा कायदा

नवी दिल्ली : अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात फ्लॉरेन्स नावाचे छोटे गाव आहे. १६ जानेवारी १९९२ रोजी पहाटे तीन वाजून वीस मिनिटांनी तेथील एका घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, एक मोटार उभी होती. तिच्यात बसलेल्या तपास अधिकाऱ्यांनी थर्मल कॅमेऱ्याने त्या घराच्या भिंती आणि छप्पर न्याहाळले. काम अवघ्या काही मिनिटांचे होते. गॅरेजवरील छप्पर आणि एका बाजूची भिंत उरलेल्या घरापेक्षा आणि शेजारच्या घरांपेक्षाही अधिक उष्ण दिसली. आत प्रखर दिव्यांखाली गांजाची रोपे वाढविली जात असावीत, हा संशय बळावला. खबऱ्यांची माहिती आणि विजेची बिले जोडून झडतीचे वॉरंट मिळविण्यात आले आणि घरात शंभराहून अधिक रोपे सापडली.

संशय खरा ठरला. तरीही ११ जून २००१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘कायलो विरुद्ध अमेरिका’ या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की मोटारीत बसून केलेली ती पाहणी हीच मुळात झडती होती आणि वॉरंटविना ती करता येणार नव्हती.

त्या मोटारीतील कॅमेऱ्याची जागा आता वाहनाच्या छपरावर आहे. चारी दिशांना फिरणारा, खाली-वर कलणारा आणि आतल्या पडद्यावर अखंड चित्र दाखविणारा हा संच सीमेवरील दलांपासून वन विभागांपर्यंत अनेकांना हवासा वाटतो. पोलिसांच्या वाहनांसाठीही तो उपलब्ध आहे. डीआरडीओची डेहराडून येथील प्रकाशीय उपकरणांची प्रयोगशाळा आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स यांनी थर्मल उपकरणांच्या देशी निर्मितीत दीर्घकाळ काम केले आहे. खासगी उत्पादकही आहेत. उपकरण मिळविणे ही आता अडचण राहिलेली नाही. ते नेमके काय दाखविते आणि कोठे रोखावे, या दोन गोष्टींबाबत मात्र बरेच गैरसमज आहेत.

पहिला गैरसमज असा की हा कॅमेरा भिंतीपलीकडचे पाहतो. तसे नाही. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण बाहेर टाकते. मानवी शरीराच्या तापमानाला हे किरण प्रामुख्याने ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात असतात आणि थर्मल कॅमेरा पृष्ठभागावरून येणाऱ्या त्या किरणांतील फरकाचे चित्र बनवितो. भिंतीचा फक्त पृष्ठभाग दिसतो. इतकेच काय, खिडकीची साधी काचही या किरणांना अपारदर्शक असते. ओरेगॉनमधील त्या मोटारीची काच वर असती तर अधिकाऱ्यांना समोरच्या घराऐवजी काचेचेच तापमान दिसले असते. म्हणूनच वाहनावरील कॅमेरा पुढच्या काचेमागे बसविता येत नाही. तो बाहेर ठेवावा लागतो, त्याचे भिंग जर्मेनियमचे असते, आणि चिखल, धूळ, पावसाचे थेंब यांपासून ते जपावे लागते.

दुसरा गैरसमज अंतराचा. माहितीपत्रकावर छापलेला किलोमीटरचा आकडा बहुधा ‘काहीतरी आहे’ इतके कळण्याचा असतो. अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये मांडलेले निकष आजही या क्षेत्रात आधारभूत मानले जातात. त्यांचा ढोबळ हिशेब असा : लक्ष्याच्या रुंदीवर दोन चित्रबिंदू पडले तर अस्तित्व कळते, ते माणूस आहे की जनावर हे समजायला सुमारे आठ बिंदू लागतात, आणि त्याहून बारीक तपशील, म्हणजे माणूस असल्यास तो सैनिक की सामान्य नागरिक, हे ओळखायला सुमारे तेरा. हे सारे चांगल्या परिस्थितीत आणि तेही निम्म्या वेळा अचूक ठरण्याच्या शक्यतेने. अर्थात, दोन किलोमीटरवर ‘दिसणारी’ व्यक्ती माणूस आहे हे पाचशे मीटरवर कळेल आणि पुढचा तपशील तीनशे मीटरच्या आसपास. ती व्यक्ती कोण आहे, हे या निकषांत कोठेच बसत नाही. चेहऱ्याची ओळख पटविणे हे या कॅमेऱ्याचे काम नव्हे. निविदेत केवळ अंतराचा आकडा मागणारा खरेदी अधिकारी त्यामुळे अनेकदा नको ती वस्तू पदरात पाडून घेतो.

चालत्या वाहनाने आणखी एक अट वाढते. थर्मल कॅमेऱ्यांच्या निर्यातीवर आंतरराष्ट्रीय नियंत्रणे आहेत. ज्या वासेनार व्यवस्थेचा भारत डिसेंबर २०१७ पासून सदस्य आहे, तिच्या यादीत सेकंदाला नऊ किंवा त्याहून कमी चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्यांना बरीच मोकळीक मिळते. साहजिकच असे कॅमेरे बाजारात सहज आणि स्वस्तात मिळतात. इमारतीच्या कोपऱ्यावर ते चालून जातात. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या वाहनावर मात्र दोन चित्रांच्या मधल्या काळात वाहन जवळपास दोन मीटर पुढे गेलेले असते. सेकंदाला तीस चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्यात हेच अंतर अर्ध्या मीटरच्या थोडे वर येते. धक्के शोषणारी आणि चित्र स्थिर राखणारी बैठक नसेल तर महागडा कॅमेराही खडबडीत रस्त्यावर निरुपयोगी ठरतो.

आणि मग भारतीय हवामान. थंड प्रदेशात माणूस पार्श्वभूमीवर उठून दिसतो. विदर्भात किंवा पश्चिम राजस्थानात मे महिन्यात दिवसभर तापलेले डांबर आणि दगड सूर्यास्तानंतर निवत जातात आणि एका टप्प्यावर नेमके मानवी त्वचेच्या तापमानाला, म्हणजे ३३-३४ अंशांच्या आसपास, येतात. त्या वेळी पडद्यावर माणूस आणि रस्ता यांत फारसा फरक उरत नाही. कोकण किनाऱ्यावरची दमट हवा, पावसाची झड, पंजाबातील जानेवारीचे दाट धुके यांनीही पल्ला घटतो. हलक्या धुरक्यात हा कॅमेरा साध्या कॅमेऱ्यापेक्षा निश्चित सरस आहे. दाट धुक्यात तोही हतबल असतो. उणे १९६ अंशांच्या आसपास थंड ठेवलेला संवेदक असणारे संच अधिक दूरचे आणि अधिक सूक्ष्म पाहतात, पण त्यांची किंमत कितीतरी अधिक असते आणि त्यांच्या शीतयंत्राचे आयुष्य मर्यादित असते. गस्तीच्या वाहनावर सहसा न थंडविलेला, मायक्रोबोलोमीटर प्रकारचा संवेदक येतो, तो यामुळेच.

इतक्या मर्यादा असूनही उघड्या माळावर हे उपकरण अमोल ठरते, हे मान्य करावे लागेल. केनियातील मासाई मारा अभयारण्यात मार्च २०१६ पासून वन रक्षकांच्या वाहनावर थर्मल कॅमेरा बसविण्यात आला. ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ या संस्थेच्या माहितीनुसार त्याच वर्षी त्याच्या साह्याने दोन डझनांहून अधिक शिकारी पकडले गेले. रात्रीच्या अंधारावर विसंबणाऱ्यांचा तो आधारच नाहीसा झाला. तेथे माणसाचे रात्री असणे हीच संशयाची पुरेशी खूण होती, ‘कोण’ हा प्रश्न नंतरचा. ग्रीस-तुर्कस्तान सीमेवरील एव्रोस नदीकाठी युरोपीय सीमा यंत्रणेने अशी वाहने ठेवली आहेत. भारतात आसाममधील धुबरी येथे, जेथे ब्रह्मपुत्रा बांगलादेशात शिरते, तेथील ६१ किलोमीटरच्या सीमेवर मार्च २०१९ मध्ये कॅमेरे आणि संवेदकांची यंत्रणा सुरू झाली. नदीचे पात्र दरवर्षी सरकते, चर बुडतात आणि नवे वर येतात. कुंपण टिकत नाही. अशा भूमीत मनोऱ्यावरचा कॅमेरा आज योग्य जागी असतो, पुढच्या वर्षी नसतो. वाहनाला निदान मोक्याची जागा बदलता येते.

मुंबईचा अनुभव मात्र वेगळेच काही सांगतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा दहशतवादी कुलाब्याजवळच्या मच्छीमार वस्तीत रबरी बोटीतून उतरले तेव्हा ते अदृश्य नव्हते. स्थानिक रहिवाशांनी त्यांना पाहिले होते, हटकलेही होते. उणीव पाहणाऱ्या डोळ्यांची नव्हती. पाहिलेले वेळेत पोचून त्यावर हालचाल होण्याची होती. वाहनावरील कॅमेऱ्याच्या पडद्यापुढे कोण बसणार, चालकानेच तो पाहायचा की स्वतंत्र प्रशिक्षित कर्मचारी असणार, पांढरा ठिपका दिसल्यावर त्याने कोणाला कळवायचे आणि पुढचे पथक किती मिनिटांत निघणार, याचे उत्तर नसेल तर छपरावरील यंत्र हा केवळ देखावा ठरतो.

खरा पेच उघड्या माळावर नाही, वस्तीत आहे. शहरातील रस्त्यावर उष्णतेचा ठिपका संशयास्पद नसतो. सगळीकडे माणसेच असतात. मग कॅमेरा वळतो तो भिंतींकडे, छपरांकडे, बंद गाळ्यांकडे. कोणत्या खोलीत रात्रभर उष्णता आहे, कोणत्या गोदामात यंत्र चालू आहे, याचा अंदाज बाहेरून घेता येतो. अंमली पदार्थांच्या तपासात हा मोह स्वाभाविक आहे.

येथे भारतीय कायद्याचे एक जुने वळण आठवते. अंमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याचे कलम ४२ दिवस आणि रात्र यांत भेद करते. सूर्योदय ते सूर्यास्त या काळात प्राधिकृत अधिकारी वाजवी कारण असल्यास वॉरंटविना घरात शिरून झडती घेऊ शकतो. सूर्यास्तानंतर मात्र, वॉरंट मिळवण्यात वेळ गेल्यास पुरावा दडविला जाईल किंवा गुन्हेगार निसटेल असे मानण्यास कारण असेल, तर ते कारण लेखी नोंदवूनच त्याला आत जाता येते. रात्री घराचा उंबरठा अधिक उंच असतो, असे संसदेने मानले. थर्मल कॅमेरा उत्तम चालतो तो नेमका रात्री, आणि उंबरठा न ओलांडता.

‘खडकसिंग विरुद्ध उत्तर प्रदेश’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे हाच पेच साठ वर्षांपूर्वी यंत्राविना आला होता. दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटलेल्या एका व्यक्तीवर पोलिसांनी पाळत ठेवली. रात्री-अपरात्री दार ठोठावले जाई. डिसेंबर १९६२ मध्ये न्यायालयाने रात्रीच्या घरभेटींची तरतूद घटनाबाह्य ठरविली. घरावर बाहेरून गुप्त पहारा ठेवण्याची तरतूद मात्र बहुमताने कायम राहिली. न्यायमूर्ती के. सुब्बा राव यांना, न्यायमूर्ती शहा यांच्या सहमतीने, ही संपूर्ण नियमावलीच अमान्य होती. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, तेव्हा खडकसिंग निकालातील खासगीपणा नाकारणारा भाग रद्द झाला.

गल्लीत उभे असलेले थर्मल कॅमेऱ्याचे वाहन या दोहोंपैकी कशात मोडते? दार ठोठावण्यात की बाहेरच्या पहाऱ्यात? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ‘झडती’ या शब्दाची व्याख्या नाही. कलम १०५ नुसार झडतीचे दृक्श्राव्य चित्रण बंधनकारक आहे, पण ते झडतीचे. बाहेरून टिपलेल्या उष्णतेच्या चित्राचे काय, यावर संहिता मौन आहे. पुट्टस्वामी निकालानुसार खासगीपणात हस्तक्षेप करायचा तर त्याला आधी कायद्याचा आधार हवा, हेतू वैध हवा आणि उपाय प्रमाणात हवा. पहिल्याच पायरीवर अडखळायला होते.

डेटा संरक्षणाच्या कायद्यातही आसरा मिळत नाही. २०२३ च्या अधिनियमाचे कलम १७ गुन्ह्यांचा प्रतिबंध आणि तपास यांसाठीच्या प्रक्रियेला बहुतांश बंधनांतून वगळते आणि केंद्राला अधिसूचनेद्वारे शासकीय यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार देते. शिवाय निनावी उष्ण ठिपका हा ‘वैयक्तिक डेटा’ आहे काय, हा वाद राहतोच. वाहनाचे स्थान आणि वेळ त्या चित्राला जोडली की मात्र तो विशिष्ट घराचा ठिपका होतो.

परदेशी निकालांची उसनवारी करतानाही जपून राहिलेले बरे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये टेस्लिंग खटल्यात विमानातून घेतलेली अशीच उष्णतेची पाहणी एकमताने वैध ठरविली; उपकरण इतके ढोबळ आहे की आतल्या जीवनाविषयी ते फारसे काही सांगत नाही, असा तो युक्तिवाद. उपकरण सुधारले की युक्तिवाद बदलणार, हे त्यातच गृहीत आहे. अमेरिकी निकालात वेगळी मेख आहे. तेथे संरक्षण मिळते ते ‘सर्वसाधारण वापरात नसलेल्या’ साधनापासून. गंमत अशी की तो निकाल येण्यापूर्वीच कॅडिलॅक डेव्हिल मोटारीच्या २००० सालच्या मॉडेलमध्ये थर्मल कॅमेरा बसवून मिळू लागला होता, आणि आज मोबाइलला जोडायचे थर्मल कॅमेरेही विकले जातात. साधन जितके सामान्य, तितके संरक्षण पातळ, ही कसोटी भारताने उचलण्याचे काही कारण नाही.

पोलीस ठाण्यांतील सीसीटीव्हींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात जागा, रात्रीच्या चित्रणाची क्षमता आणि १८ महिन्यांच्या साठवणुकीपर्यंतचे तपशील ठरवून दिले. फिरत्या वाहनावरील कॅमेऱ्यासाठी याच्या एक दशांश तपशिलाचा आदेशही पुरेसा होईल : वस्तीत कॅमेरा विशिष्ट घरावर रोखायचा तर आधी लेखी परवानगी, चित्रण किती दिवसांनी पुसायचे, आणि ते पाहण्याचा अधिकार कोणाला. सरकारी वाहनाच्या लॉगबुकात आज किलोमीटर, इंधन आणि प्रवासाचे कारण लिहिले जाते. कॅमेरा किती वाजता, कोठे आणि कोणाच्या सांगण्यावरून रोखला, यासाठी एक रकाना वाढविण्यास संसदेच्या अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही. राज्याच्या पोलीस महासंचालकांचे एक परिपत्रक त्याला पुरते.