झाडाला कायदा, चढणाऱ्याला काय?

पावसाळा तोंडावर आला की महाराष्ट्रातील शहरांत झाडांच्या फांद्या छाटण्याची घाई सुरू होते. धोकादायक फांद्यांच्या याद्या होतात, निविदा निघतात, कंत्राटदार नेमले जातात आणि मे महिन्याच्या उन्हात चार-पाच जणांच्या टोळ्या कोयते, करवती आणि दोरखंड घेऊन रस्तोरस्ती फिरू लागतात. फांदी कोसळून पादचाऱ्याचा जीव जाऊ नये, हा या खटाटोपाचा हेतू. त्याबद्दल कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ज्या माणसाला तीस-चाळीस फूट उंच पर्जन्यवृक्षावर अनवाणी चढवून हे काम उरकून घेतले जाते, तो स्वतः खाली पडला तर काय, या प्रश्नाचे उत्तर बहुधा एकाच वाक्यात दिलेले असते: सुरक्षिततेची सर्व जबाबदारी कंत्राटदाराची राहील. आणि कंत्राटदाराची जबाबदारी म्हणजे काय असते, हे कामगार चळवळीत चार वर्षे काढलेल्या कोणत्याही कार्यकर्त्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

झाडांसाठी मात्र या राज्यात कायदा आहे आणि तो असलाच पाहिजे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ साली झाला. त्याने वृक्ष प्राधिकरण निर्माण केले, वृक्ष अधिकारी नेमले, परवानगीवाचून झाड तोडणे हा गुन्हा ठरवला आणि वेळोवेळी झाडांची गणना करण्याचे बंधन स्थानिक संस्थांवर घातले. मुंबईत २०१८ साली पूर्ण झालेल्या गणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे मोजली गेली. पुढे २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसावृक्षाचा दर्जा मिळाला. हे सारे स्वागतार्ह आहे. प्रश्न एवढाच की, त्या तीस लाख झाडांवर वर्षानुवर्षे चढणारे हात किती, त्यांची वये काय, त्यांतील किती जण पडून कायमचे अंथरुणाला खिळले, ही गणना कोणत्या प्राधिकरणाकडे सोपवली आहे?

शहरातील सुशिक्षित वृक्षप्रेमींना हा प्रश्न कदाचित अप्रस्तुत वाटेल. तो तसा नाही. नीट बांधलेल्या पट्ट्यावर आणि दोन दोरांवर भार टाकून बसलेला माणूस फांदी खोडालगत योग्य जागी कापू शकतो. एका हाताने बुंध्याला मिठी मारून दुसऱ्या हाताने कोयता चालवणारा माणूस जेथे हात पोहोचेल तेथे घाव घालतो. छाटणीच्या नावाखाली झाडांची जी कत्तल झाल्याची ओरड दर जूनमध्ये होते, तिचे एक कारण हेही आहे. झाड आणि चढणारा यांचे हितसंबंध परस्परविरोधी नाहीत. त्या दोघांना परस्परांविरुद्ध उभे करतो तो ठेक्याचा दर.

झाड मोजायचे आणि माणूस मोजायचा नाही, ही रीत आजची नव्हे. इंग्रज सरकारने १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याखाली ताडामाडांवर कर बसवला. ज्या झाडाची माडी काढायची, ते झाड सरकारदप्तरी नोंदले जाई. कारण प्रत्येक झाड म्हणजे तिजोरीतील उत्पन्न होते. ते झाड छेदण्यासाठी पहाटे आणि सायंकाळी वर चढणारा भंडारी पडला तर सरकारचा एक पैसाही बुडत नव्हता. तरीही हे मान्य केले पाहिजे की, त्याच परकीय सत्तेने १९२३ साली केलेल्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत ताड-माड छेदणारे आणि झाडे तोडणारे यांचा स्पष्ट उल्लेख केला. नारळ-सुपारी पाडणाऱ्याचे नाव तेथे आले नाही. बागायती कामाच्या कलमात तो बसतो की नाही, हा वाद वकिलांसाठी मोकळा राहिला.

त्या जुन्या कायद्याचा हिशेब कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचे. चाळिसाव्या वर्षी तो आकडा १८४.१७ होता. २०२० साली ठरलेली पंधरा हजार रुपयांची वेतनमर्यादा धरली तर भरपाई जवळजवळ १३ लाख ८१ हजार रुपये होते, आणि ती देण्याचे दायित्व मालकाचे असते. कंत्राटदाराच्या आडून काम करून घेणारा मुख्य मालकही त्यातून सुटत नव्हता. स्थानिक संस्थेची कर्तव्ये हा तिचा व्यवसायच समजावा, असे कायद्याने म्हटले होते. म्हणजे महानगरपालिकेच्या झाडावरून पडलेल्या माणसाच्या विधवेला पालिकेच्याच दारात हक्काने उभे राहता येत होते. किती जणी उभ्या राहिल्या? हजेरीपत्रक नाही, वेतनचिठ्ठी नाही, नेमणुकीचा कागद नाही; तो आपला कामगारच नव्हता, असे कंत्राटदाराने एकदा सांगितले की प्रकरण तेथेच मिटते.

आता हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि देशातील प्रत्येक श्रमिकाला संरक्षण मिळाल्याचे नगारे वाजले. व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हे तर नावच भारदस्त आहे. तिच्या पोटात शिरले की काय दिसते? संहितेतील आस्थापनेच्या सर्वसाधारण व्याख्येला किमान दहा कामगार लागतात. झाडे छाटणारी टोळी पाच जणांची असते. कंत्राटी कामगारांविषयीचे प्रकरण पन्नासांच्या पुढे सुरू होते. मुख्य स्वरूपाच्या कामात कंत्राटी कामगार नेमू नयेत असे संहिता म्हणते खरी, पण मुख्य काम कशाला म्हणू नये याची जी यादी तिने दिली आहे, तीत सफाई, पहारा, हमाली यांच्या जोडीला बागकाम आणि हिरवळीची निगाही घातली आहे. ज्या कामांत माणसे मरतात वा झिजतात, नेमकी ती कामे वेचून ठेक्याला मोकळी करावीत, हा योगायोग खचित नव्हे. उरलेल्यांसाठी वर्षाला वीस रुपये हप्त्याचा सरकारी अपघात विमा आहे. तो हप्ता कामगाराच्याच बँक खात्यातून वळता होतो आणि मृत्यूनंतर दोन लाख मिळतात. तेरा लाखांचे मालकाचे देणे आणि दोन लाखांचे कामगाराने स्वतः विकत घेतलेले सांत्वन, या दोहोंतील अंतर म्हणजेच ज्याला आज श्रमसुधारणा म्हणतात ती.

याविरुद्ध एक युक्तिवाद नेहमी पुढे केला जातो आणि तो पुढे करणाऱ्यांत केवळ बागायतदारच नसतात, पुष्कळदा भली माणसेही असतात. चढण्याची ही पिढीजात कला आहे, हे लोक पट्टा दिला तरी बांधत नाहीत, दोर दिला तर तो घरी नेऊन गुरांना लावतात, असे ते सांगतात. यातील निरीक्षण पुष्कळ अंशी खरे असेल. निष्कर्ष मात्र साफ खोटा आहे. कोकणात आणि गोव्यात नारळ पाडण्याची मजुरी झाडामागे ठरते. पावसाने शेवाळलेल्या माडाच्या खोडावर खाचेत पाय रोवत वर जायचे, वाळकी झावळी हाताला आली तर निसटणार हे ओळखून ओल्या देठाला धरायचे, गांधीलमाश्यांचे पोळे आहे का ते पाहायचे, कोयतीने घड तोडायचे आणि उतरायचे. हे दिवसातून कितीदा करायचे, यावर घरातील चूल अवलंबून असते. अशा माणसाने प्रत्येक माडावर पट्टा बांधण्यात आणि सोडण्यात काही मिनिटे घालवली तर संध्याकाळी त्याच्या हातात येणारे पैसे तेवढे कमी होतात. म्हणजे सुरक्षिततेची किंमत त्याच्याच मजुरीतून कापली जाते. तो पट्टा बांधत नाही, कारण त्याला हिशेब येतो.

पोफळीच्या बागेत हे अधिक उघडपणे दिसते. सुपारी उतरवणारा पायांत दोरीचा फास अडकवून एका झाडावर चढतो आणि काम झाले की खाली न येता शेंडा हलवून झोका घेतो व शेजारच्या पोफळीला धरतो. पर्यटक या कसरतीची छायाचित्रे काढतात. हातभर जाडीचेही नसलेले ते खोड आतून किडलेले असले की काय होते, त्याचे छायाचित्र कोणी काढत नाही. ही कसरत हौसेने जन्मलेली नाही. दर झाडामागे असल्यामुळे प्रत्येक उतरणे आणि चढणे हा तोटा असतो, म्हणून ती जन्मली. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि दापोलीकडील वाड्या आडव्या केल्या, तेव्हा पडलेल्या माड-पोफळींसाठी झाडागणिक भरपाई ठरली. ज्यांचा रोजगारच त्या झाडांवर होता, त्यांचा हिशेब झाडागणिक झाला नाही की माणसागणिकही नाही.

दक्षिणेकडे पाहिले तर निदान या माणसांचे अस्तित्व तरी मान्य झालेले दिसते. केरळने १९६९ साली ताडीकामगारांसाठी कल्याणनिधीचा कायदा केला. झाडावर चढणाऱ्यांसाठी त्या राज्याच्या कामगार खात्याची स्वतंत्र योजना आहे. नारळ विकास मंडळाने २०११ पासून तरुणांना यंत्राच्या साहाय्याने माडावर चढण्याचे शिक्षण देण्यास आरंभ केला आणि चढणाऱ्यांसाठी विमा काढला. तेलंगणात २०२४ साली ताडी काढणाऱ्यांना पट्टे-दोरांचे संच वाटण्याची योजना निघाली. हे उपक्रम उपयोगी आहेत, पण संच वाटून प्रश्न सुटतो असे ज्या सरकारला वाटते त्याने मजुरीच्या दराकडे पाहिलेलेच नाही.

इंग्लंडचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. तेथे १९७४ साली मजूर पक्षाच्या राजवटीत, मायकेल फूट रोजगारमंत्री असताना, कामाच्या जागी आरोग्य व सुरक्षितता राखण्याचे कर्तव्य कायद्याने मालकावर टाकले. त्याच कायद्याच्या आधाराने २००५ साली उंचीवरील कामाचे नियम झाले. उंचीवरील काम टाळता येत असेल तर टाळावे; येत नसेल तर पडणे रोखावे; आणि कोणी अडकलाच तर त्याला खाली कसे आणायचे, याची योजना काम सुरू होण्यापूर्वी तयार असावी. झाडावर यांत्रिक करवत एकट्याने चालवायची नाही, वर चढून सुटका करू शकणारा दुसरा प्रशिक्षित माणूस जमिनीवर हजर हवा, हा तेथील कामाचा संकेत आहे. याउलट भांडवलशाहीची पंढरी असलेल्या अमेरिकेत झाडांवरील कामाची मानके १९७२ पासून छापली जात आहेत, परंतु ती व्यवसायाने स्वतःसाठी केलेली आहेत. सरकारने स्वतंत्र बंधनकारक नियमांसाठी २००८ साली सूचना मागवल्या आणि त्यानंतर दीड दशक उलटले तरी नियम काही झाले नाहीत. मालकांच्या सदसद्विवेकावर किती काळ विसंबून राहता येते, याचे हे मोजमाप.

महाराष्ट्राला मात्र उत्तर शोधायला इंग्लंडला जाण्याची आवश्यकता नाही. मालक रोज बदलतो, कामाची जागा रोज बदलते, मजुरी नगावर ठरते, असेच वर्णन एके काळी माथाडी कामगारांचे होते. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या संघर्षातून १९६९ साली माथाडी कायदा आला. कामगार, मालक आणि शासन यांची मंडळे झाली, कामगारांची नोंदणी झाली, मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही मालकाकडून घेऊन तीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधोपचार यांची सोय झाली. १९८१ साली हीच चौकट खासगी सुरक्षारक्षकांना लावण्यात आली. मग माड-पोफळीवर आणि शहरातील झाडांवर चढणाऱ्यांना ती का लागू होऊ नये? लहान बागायतदाराला भार झेपणार नाही, ही तक्रार रास्त आहे; म्हणूनच लेव्ही वाडीच्या मालकापुरती न ठेवता नारळ-सुपारीच्या घाऊक व्यापारावर बसवावी. शहरांत ती महानगरपालिका, वीज कंपन्या आणि गृहनिर्माण संस्था यांच्याकडून घ्यावी. मंडळाने पट्टे पुरवावेत, भारतीय मानक ३५२१ प्रमाणे ते असल्याची खात्री करावी, शिक्षण द्यावे. आणि वीजवाहिनी बंद केल्याचा लेखी दाखला हाती आल्याखेरीज तारांजवळच्या झाडावर कोणालाही चढवू नये. या सर्वांआधी, छाटणीच्या कामात झाडामागचा दर रद्द करून दिवसाचा पगार द्यावा.

समाजवादी चळवळीनेही या प्रश्नाकडे पाठ फिरवली, हे लपवण्यात अर्थ नाही. गिरणी, गोदी, रेल्वे यांच्या फाटकांवर सभा घेण्याची जिला सवय, तिला फाटक नसलेला कामगार दिसत नाही. मुंबईच्या कंत्राटी सफाई कामगारांनी संघटनेच्या बळावर वर्षानुवर्षे न्यायालयात झुंज दिली आणि २०१७ साली २७०० जणांना कायम करण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकवला. पालिकेचा कंत्राटी कामगार हा पालिकेचाच कामगार आहे, हे सिद्ध करण्याची वाट त्यांनी दाखवून दिली आहे. त्या वाटेवर पहिली गरज कागदाची असते. छाटणीच्या पुढल्या निविदा निघण्याआधी पक्षाच्या शहर शाखांनी प्रभागवार टोळ्यांची आणि कोकणातील तालुका शाखांनी गावोगावच्या चढणाऱ्यांची यादी करावी. नाव, वय, किती वर्षे चढतो, कोणासाठी चढतो, झाडामागे काय मिळते, कधी पडला आणि औषधपाण्याचा खर्च कोणी केला, एवढे रकाने तूर्त पुरेसे आहेत.